दुःखाच्या काळात मित्राशी शरीराची जवळीक: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे प्रश्न येतात, पण थेट येत नाहीत. लोक आधी झोपेबद्दल बोलतात, मग ऑफिसबद्दल, घरच्यांबद्दल. आणि उठता उठता, चपला घालताना विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. दोघांचीही 18 वर्षं पूर्ण झाली आहेत, हे सगळीकडे धरून चाललं आहे. त्याआधीच्या वयाला 2012 चा पॉक्सो कायदा लागतो आणि तिथे "दोघांची मर्जी होती" हे चालत नाही.

बाबांची तेरवी व्हायची होती आणि मी मैत्रिणीच्या मिठीत शिरलो, मग पुढेही गेलो. माझ्यात काही बिघडलंय का?

नाही. दुःखात लैंगिक इच्छा पार मरते किंवा एकदम उफाळून येते. एकाच माणसाला एकाच महिन्यात दोन्ही होऊ शकतं. ज्याची इच्छा मेली त्याला लोक समजून घेतात. ज्याची वाढली तो कुणाला सांगत नाही, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की हे जगात आपल्यालाच झालं.

आपल्या घरांमधली रीत बघा. माणूस गेलं की शेजारपाजारचे कडू घास आणतात, रात्र जागवतात, अंबाझरी घाटावर नाहीतर मोक्षधामला लाकडांपासून दाखल्यापर्यंत सगळं कुणीतरी बघून घेतं. पण मिठीत कुणी घेत नाही. बाईला निदान मावशी, आत्या छातीशी धरते. तरण्या पोराच्या वाट्याला खांद्यावर एक हात येतो, तोही "आता घरात तूच मोठा" हे सांगायला. वरून सुतक, म्हणजे शिवाशिवही नको. घाटावरून आल्यापासून ज्याला कुणी हात लावलेला नाही, त्याला पहिल्यांदा कुणी घट्ट धरलं तर शरीर मिठीपाशीच थांबेल याची हमी कोण देणार? याचा अर्थ बाबांवरची माया कमी होती असा होत नाही.

सुतक पाळणं न पाळणं हा तुमच्या श्रद्धेचा भाग, त्यात मी पडत नाही. मात्र सुतक मोडल्याची टोचणी घेऊन आलेली माणसं थोडी बोलती झाली की बरेचदा वेगळंच बाहेर येतं: शेवटच्या रात्री मी हॉस्पिटलात थांबलो नव्हतो, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच व्हेंटिलेटरला हो म्हटलं. 2021 च्या एप्रिल-मे मध्ये ज्यांनी या शहरात बेडसाठी फोन फिरवले आणि नंतर दुरूनच निरोप दिला, त्यांच्यातल्या काहींची ही टोचणी अजून ताजी आहे. आधी तिच्याबद्दल बोला.

शरीर असं का वागतं?

मिठी, पाठीवरून फिरणारा हात, त्वचेला लागलेली त्वचा यांनी ऑक्सिटोसिन स्रवतं आणि ताण उतरायला मदत होते. संभोगानंतर प्रोलॅक्टिन वाढतं, अंग सैल पडतं, डोळा लागतो. पंधरा-पंधरा दिवस धड न झोपलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्याकडे येणारे "प्रेम वाटलं" असं क्वचित सांगतात. "त्या रात्री झोप लागली" हे मात्र हमखास सांगतात.

माणसाला माणसाशी बांधण्यातही ऑक्सिटोसिनचा वाटा आहे. आपण आधी "फक्त मैत्री" असं ठरवलं होतं की नव्हतं, हे त्याला कळत नाही.

मग खरंच बरं वाटतं का?

वाटतं. काही तास, कधी दोन-चार दिवस. दुःख तेवढंच राहतं, त्यातून सुट्टी मिळते. आणि सुट्टी घेण्यात गैर काही नाही. फक्त परतल्यावर टेबलावर तीच फाइल उघडी पडलेली असते. नोकरी गेली असेल तर हप्ता तसाच, घटस्फोटाची तारीख तशीच. ज्यांना हे आधीपासून ठाऊक असतं त्यांना सकाळ फार जड जात नाही. ज्यांना वाटलेलं असतं की आता सगळं हलकं होईल, ते सकाळी मित्रावरच चिडतात, आणि त्या बिचाऱ्याला कळत नाही की आपलं काय चुकलं.

मला सेक्स हवाय की नुसतं कुणीतरी जवळ हवंय, हे ओळखायचं कसं?

कल्पना करा, तुमचा मित्र म्हणतो: "मी रात्रभर इथेच थांबतो, तू झोपेपर्यंत पाठ थोपटतो, बाकी काही नाही." हे ऐकून सुटल्यासारखं वाटलं तर तुम्हाला सोबत हवी आहे. मनातून खट्टू झालात तर सेक्स हवा आहे. दोन्हीत लाज वाटण्यासारखं काही नाही, पण गरज एक आणि मागणी दुसरी असं झालं की दोघांचाही घोळ होतो.

बेसा भागात एकटी राहणारी एक मुलगी. साखरपुडा मोडलेला, त्याच महिन्यात कंपनीनं कमी केलेलं. मे महिना, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या. तिनं कॉलेजातल्या मित्राला बोलावलं आणि दारातच सांगितलं, "हे बघ, मला काही नकोय. कूलरपुढे गादी टाकली आहे, तू त्या बाजूला झोप, फक्त माझ्या हातावर हात ठेव." तो गडबडला. पण झोपला. मध्यरात्री कूलरचं पाणी संपलं, पंप कोरडा घरघरायला लागला, तेव्हा हाच उठून बादल्या ओतत होता आणि ती मात्र गाढ झोपेत. नंतर ती मला म्हणाली, "मी मागितलं तेवढंच मिळालं, याचंच मला जास्त अप्रूप वाटलं."

सगळ्यांना असं मागता येत नाही. मुलगा-मुलगी मित्र असले तरी साध्या मिठीलाही आपल्याकडे खुलासा लागतो. आणि पोरांचं विचारूच नका. दोन पुरुषांना एकमेकांच्या गळ्यात पडायला एकतर दारू लागते नाहीतर भारतानं मॅच जिंकावी लागते. साधा स्पर्श मिळायची सोय नसली की माणूस त्यासाठी सेक्सपर्यंत जातो. मग सकाळी वाटतं, एवढं सगळं करायचं नव्हतंच मुळी.

मित्राला हे विचारायचं कसं?

दिवसा. चहावर. रडण्याच्या भरात नाही आणि बाटली उघडल्यावर तर नाहीच. फुटाळ्यावर, सेमिनरी हिल्सला फिरताना, कुठेही, पण जिथून दोघांनाही उठून आपापल्या घरी जाता येईल अशा जागी.

शब्द साधे असू द्या. "यार, मी सरळ विचारून राहिलो. एकटं झोपवत नाही मला. तू जवळ असलीस तर बरं वाटेल, आणि त्यात पुढे काही झालं तरी मला चालेल. तुला नसेल चालत तर विषय इथेच संपला, उद्या आपण नेहमीसारखेच भेटू." यात काय हवंय ते आलं, आणि नकार दिला तरी मैत्री जाणार नाही हेही आलं. दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा. दुःखी माणसाला नाही म्हणणं फार अवघड असतं. पडत्या काळात आपण पाठ फिरवली असं समोरच्याला वाटतं. म्हणून नाही म्हणायची वाट तुम्हीच मोकळी करून द्यायची.

आणि त्या भरात "आपण लग्नच करून टाकू" असलं काही बोलू नका. का, ते कायद्याच्या प्रश्नात येईल.

विचारलं आणि नाही आलं. आता तोंड कसं दाखवू?

दुसऱ्या दिवशी एक मेसेज: "काल बरं केलंस सरळ सांगितलंस. संध्याकाळी चहा?" बस. लांबलचक माफी मागितली तर आता तुमची समजूत काढायचं कामही त्याच्याच अंगावर पडतं.

मैत्रीण रडत होती आणि तिनंच पुढाकार घेतला. मी काय करायला हवं होतं?

हा प्रश्न मुलं जास्त विचारतात आणि विचारताना आवाज थोडा बचावाचा असतो: "तिनंच सुरू केलं, मॅडम." खरं असेल. तरीही माझं मत पक्कं आहे: दोघांमध्ये ज्याचं दुःख कमी, त्याची जबाबदारी जास्त. आई गेलेली, नवऱ्यानं मारून हाकललेली, नुकताच गर्भपात झालेली मुलगी त्या रात्री काय मागते आणि आठ दिवसांनी त्याच गोष्टीकडे कशी बघते, यात अंतर पडू शकतं. तुम्ही शुद्धीवर आहात, तुमचं घर शाबूत आहे, तेव्हा एक पाऊल मागे तुम्हीच घ्यायचं.

मागे घेणं म्हणजे झिडकारणं नव्हे. हात सोडू नका. म्हणा, "आज नाही. मी कुठे जात नाहीये. परवा तुला असंच वाटलं तर तेव्हा बघू." परवा तिला तसंच वाटलं तर ती सांगेल. नाही वाटलं तर तुम्ही थांबलात हे ती विसरणार नाही.

कायद्याचं सांगायचं तर भारतीय न्याय संहितेत संमती म्हणजे शब्दांतून किंवा वागण्यातून दिलेला स्पष्ट, स्वेच्छेचा होकार. तिनं प्रतिकार केला नाही, ती गप्प पडून राहिली, याला संमती म्हणत नाहीत. आणि नशेमुळे आपण कशाला हो म्हणतोय हे तिला कळत नसेल तर तो होकार कायद्यात होकार नाही, तो बलात्कार ठरतो. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे, पण हा नियम जुन्या दंड संहितेतही होता.

दोघंही प्यायलेलो होतो.

मग त्या रात्री झोपा. वेगवेगळ्या गाद्यांवर.

झालं ते झालं. आता दोघंही नजर चुकवतोय.

आठ दिवसांच्या आत एकदा बोला. जितकं लांबवाल तितकं दोघंही मनात आपापली कथा रचत जातात, आणि त्या कथेत समोरचा नेहमी आहे त्यापेक्षा वाईट असतो.

घरात नका बोलू. ज्या टपरीवर नेहमी तर्री पोहे खाता तिथेच जा. हातात काहीतरी असलं, आजूबाजूला गर्दी असली की माणूस मोजकं बोलतो. माझ्याकडे आलेल्या दोघांनी ते असंच उरकलं होतं. तिनं तर्री जास्त मागितली, त्यानं लिंबू पिळलं, आणि ती म्हणाली, "त्या रात्रीचं मला वाईट नाही वाटत. पण पुन्हा नको." तो म्हणाला, "मलाही तेच म्हणायचं होतं, काऊन घाबरून राहिलो होतो काय माहीत." झालं बोलून. मग तिच्या पीएफच्या पैशांचं काय झालं यावर गाडी गेली.

सगळ्यांचं इतकं सोपं नसतं, मान्य. एकाला पुन्हा हवं आणि दुसऱ्याला नको असेल तर ज्याला नको त्याचं चालेल. यात मधला मार्ग नसतो.

एकाला प्रेम झालं तर?

होतंच बरेचदा. हॉस्पिटलात डबा आणणारा, वकिलाकडे सोबत येणारा, रात्री जवळ घेणारा माणूस एकच असेल तर मन त्याच्यावर जडणं अगदी साहजिक आहे. ज्याला ते झालं त्यानं सांगावं, लपवून तसंच चालू ठेवू नये. आशेवर केलेला सेक्स दिलासा देत नाही, प्रत्येक भेट परीक्षा होते: आज थांबला का, आज मिठी किती वेळ होती.

ज्याला तसं वाटत नाही त्यानं सेक्स त्याच दिवशी थांबवावा आणि "बघू, सावकाश ठरवू" म्हणू नये. त्या वाक्यावर माणसं वर्षं काढतात.

प्रेम दोघांनाही झालं तर आनंदच आहे. फक्त मोठा निर्णय, घर बदलणं, घरी सांगणं, दुःखाची पहिली लाट ओसरेपर्यंत ढकलता आला तर ढकला.

तो फक्त त्याच्यावर काही कोसळलं की येतो. बरा असला की फोनही नाही.

मग ही मैत्री राहिलेली नाही. सहज तपासून बघा: तुम्हाला ताप आला तेव्हा तो आला होता का? तुमच्या परीक्षेचा निकाल त्याला आठवला का? उत्तर नाही असेल तर पुढच्या वेळी "आज जमणार नाही" म्हणा आणि कारण देऊ नका. फोन बंद करून दहा मिनिटं हात थरथरतील. होऊ द्या.

स्वतःकडेही याच नजरेनं बघा. तुम्ही कुणाकडे फक्त रडायला आणि झोपायला जाता का?

माझं लग्न झालंय. कठीण काळात मित्रच आधार होता.

व्यभिचार हा आता गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 ला कलम 497 रद्द केलं. पण घटस्फोटासाठी ते कारण अजूनही चालतं आणि कौटुंबिक न्यायालयात चॅटचे प्रिंट बाहेर येतात. हा झाला कायदा. मला दिसतं ते असं की अशा वेळी लग्नातला प्रश्न आणि आयुष्यातलं संकट हे दोन वेगळे गुंते एकमेकांत अडकतात, आणि माणूस दोन्ही एकाच रात्री सोडवायला बघतो. मूल आजारी असताना नवरा पाठ फिरवून झोपतो, याचा राग मित्राच्या खोलीत निघत नाही. तो नवऱ्यापुढेच काढावा लागतो, मग लग्न टिको वा मोडो.

आम्ही दोघी मुली आहोत. आमच्यासाठी काही वेगळं आहे का?

गुन्ह्याची भीती नको. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालापासून प्रौढांमधले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. बाहेरून तुमची मैत्री लवकर संशयात येत नाही, हा फायदा. तोटा असा की मोडलं तर दुःख सांगायला जागा नसते. घरचे म्हणतात, "मैत्रिणीशी भांडली, त्यात एवढं काय?" म्हणून एक तरी माणूस असा ठेवा ज्याला खरं माहीत आहे.

दुःखाच्या काळात एका मुलीजवळ जावंसं वाटलं म्हणून आपण कोण आहोत याचा निकाल लगेच लावायची घाई नको.

जागेचं काय? घरमालक, हॉटेल?

भाड्याच्या खोलीवर घरमालकाचं लक्ष कुठे असतं, हे प्रतापनगर-त्रिमूर्तीनगरात राहिलेल्या कुणालाही विचारा: दाराबाहेरच्या चपलांवर. सकाळी दूध घ्यायला निघालेल्या काकू पायऱ्यांवरच्या चपला मोजतात आणि पुरुषाचा सँडल दिसला की संध्याकाळी पाण्याच्या बिलाचं निमित्त करून वर येतात. चपला आत घ्या, असा सल्ला मी देत नाही. लोक तो मला देतात.

अविवाहित जोडप्यानं हॉटेलात राहू नये असा कायदा नाही. दोघांची ओळखपत्रं लागतात. एखादं हॉटेल स्वतःच्या नियमानं नाही म्हणू शकतं, म्हणून आधी फोन करून विचारा. आणि जिथे दुःखानं घर खायला उठलंय, तिथे कधी कधी तिसऱ्याच मैत्रिणीच्या घरी दोघांनी जाऊन नुसतं जेवण करणंही पुरतं.

कायद्यात आम्ही अडकू शकतो का?

अविवाहित प्रौढांचे मर्जीचे संबंध गुन्हा नाहीत. पण न्याय संहितेत कलम 69 नवं आलं आहे: पाळण्याचा मुळीच विचार नसताना पुरुषानं लग्नाचं वचन देऊन स्त्रीशी संबंध ठेवले तर 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोकरी किंवा बढतीचं खोटं आमिषही त्यातच येतं. रात्री दोन वाजता रडणाऱ्या मैत्रिणीला धीर द्यायला म्हणून "मी करीन ना तुझ्याशी लग्न" म्हणणारे असतात. तुमच्या दृष्टीनं तो धीर असेल, तिच्या दृष्टीनं ते वचन असतं.

घाईत काहीच वापरलं नाही. आता?

दुःखात माणसं हेच विसरतात. आधी वेळ बघा.

गर्भ राहू नये म्हणून लिव्होनॉर्जेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅमची एक गोळी, बाजारात आय-पिल किंवा अनवाँटेड 72 या नावानं, 72 तासांच्या आत. पहिल्या दिवशी घेतलेली तिसऱ्या दिवशी घेतलेल्यापेक्षा जास्त भरवशाची. चिठ्ठी लागत नाही. गल्लीतला मेडिकलवाला चष्म्यावरून बघेल अशी धास्ती असेल तर सीताबर्डीला जा, तिथल्या गर्दीत कुणी कुणाकडे बघत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी थोडी पुढे-मागे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर घरच्या घरी तपासणी करा. ही गोळी नेहमीच्या गर्भनिरोधनाला पर्याय नाही. 72 तास उलटले असतील तर पाच दिवसांपर्यंत तांबी (कॉपर-टी) बसवून घेता येते, आणि ती गोळीपेक्षा जास्त खात्रीची आहे.

यातली कुठलीही गोष्ट संसर्ग अडवत नाही. तो कंडोम अडवतो. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावलं तर लेटेक्सचा कंडोम फाटतो, हे लग्न झालेल्यांनाही माहीत नसतं.

एचआयव्हीची खरी शंका असेल तर पुन्हा 72 तासांचीच मुदत: तेवढ्यात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपी, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायच्या औषधांबद्दल विचारा, ती 28 दिवस घ्यायची असतात. नुसती तपासणी करायची असेल तर दोन्हीकडच्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात मोफत होते. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, तीन महिन्यांनी पुन्हा करा. फोनवर विचारायचं असेल तर एचआयव्ही हेल्पलाइन 1097.

गर्भ राहिला तर लग्न झालेलं नसताना गर्भपात होतो का?

होतो, कायद्यानं. मुलगी 18 वर्षांवरची असेल तर फक्त तिची स्वतःची सही लागते. नवरा, आई-वडील, मित्र कुणाचीच नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 20 ते 24 आठवड्यांत गर्भपाताची जी सवलत ठराविक स्त्रियांना आहे, तिच्यातून अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. गोळ्यांचा मार्ग नऊ आठवड्यांपर्यंत, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुकानातून परस्पर गोळ्या आणून खोलीत एकटीनं घेऊ नका, रक्तस्राव वाढला तर जीवावर बेततं. सरकारी ठिकाण हवं असेल तर गांधीबागेतलं डागा रुग्णालय आहे. काउंटरवर एखादी बाई खोचक बोलली तरी परत फिरू नका.

मित्रानं या दिवसात गायब होऊ नये. लागलेले पैसे अर्धे द्यावेत आणि ओपीडीच्या बाकावर शेजारी बसावं.

फोटो, चॅट?

फोटो काढू नका. आधीचे असतील आणि कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका, पुरावे पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, फोन 1930. संमतीशिवाय खासगी अवयवांचे फोटो काढणं किंवा पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई खाली गुन्हा आहे. रात्री भावनेच्या भरात लिहिलेले मेसेज मात्र दोघांनी बोलून पुसायला हरकत नाही.

डिप्रेशनच्या गोळ्या सुरू आहेत, इच्छाच होत नाही. मित्राला वाटतं मी त्याला टाळतेय.

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या जातीच्या औषधांनी इच्छा कमी होणं नेहमीचं आहे. मित्राला तेवढं सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं. आपण लाजून सांगत नाही आणि तेही विचारत नाहीत.

मित्राशी जवळीक असूनही दिवस जात नाहीत. कुणाकडे जाऊ?

सहा महिने उलटूनही रोजचं काम होत नसेल, जेवण-झोप सुटली असेल, किंवा मरणाचे विचार येत असतील तर हे मित्राच्या एकट्याच्या कुवतीबाहेरचं आहे. मरणाचे विचार असतील तर सहा महिने थांबू नका, आजच बोला. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. समोरासमोर हवं असेल तर मेडिकल आणि मिहानमधलं एम्स इथे मानसोपचाराची ओपीडी आहे, मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. "पागलखान्यात गेला" असं कुणी म्हणेल ही भीती खरी आहे, म्हणून सोबत मित्राला न्या. बाहेर थांबायला आणि नंतर जेवायला.

कुणी जबरदस्ती केली असेल तर पोलिसांचा 112, बायकांसाठी 181. आधी आंघोळ न करता, कपडे न धुता रुग्णालयात जा. तपासणी आणि उपचार मोफत मिळतात, आणि पोलीस तक्रार आधी हवी अशी अट रुग्णालय घालू शकत नाही.

आता माझं लग्न ठरलंय. होणाऱ्या नवऱ्याला हे सांगू का?

सगळं सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. पण तो मित्र लग्नाला येणार असेल, घरी येत-जात राहणार असेल, तर एवढं तरी सांगा की वाईट दिवसांत आम्ही एकमेकांच्या फार जवळ होतो आणि ते संपलं आहे. नवऱ्यानं पुढे किती विचारायचं ते त्याला ठरवू द्या, आणि तुम्ही किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. हळदीच्या आदल्या रात्री मात्र हा विषय काढू नका. बैठक झाल्यावर, तारीख निघायच्या आधी काढा, म्हणजे दोघांनाही विचार करायला वेळ मिळेल.